झाडाच्या सावलीत गेलेली सात नावं

मास्तरांचा फोन आला तेव्हा मी ऑफिसात एकटीच होते. ऑफिस म्हणजे डिचोलीच्या बाजारात एका हार्डवेअरच्या दुकानावरची खोली. दोन कॉम्प्युटर, एक प्रिंटर, आणि रस्त्याच्या बाजूला एक जनेल, जे आम्ही कधी उघडत नव्हतो. खाणीचे ट्रक खालून धावत होते त्या काळात ते पाच मिनिटं उघडं राहिलं तरी कीबोर्डवर लाल धूळ बसायची. आता खाणी बंद होत्या, ट्रक दारादारांत ताडपत्रीखाली उभे होते, तरी जनेल बंदच.

"बाय, एक विचारायचं होतं," मास्तर म्हणाले. "माझं नाव कुणाच्या सांगण्यावरून काढलंत?"

मास्तर पेडण्याच्या बाजूच्या एका गावातले निवृत्त मुख्याध्यापक. त्यांच्या मराठी शाळेला शंभर वर्षं होत होती म्हणून समितीने शाळेची वेबसाइट करायचं ठरवलं, आणि ते काम आमच्याकडे आलं. एका पानावर शाळेत शिकवून गेलेल्या सगळ्या शिक्षकांची नावं होती, एकतीस. मागे शाळेचा मोठा फोटो: कौलारू इमारत, वर आभाळ, खाली आंब्याचं झाड आणि त्याची दाट सावली. नावं वाचता यावीत म्हणून त्यांच्यामागे मी एक पांढरा पट्टा घातला होता, पण अर्धपारदर्शक. दुधाच्या काचेतून बघावं तशी शाळा त्यातून दिसायची. मला त्या पट्ट्याचा अभिमान होता.

"नाव आहे की, सर," मी म्हटलं. "माझ्यासमोर पान उघडं आहे. खालून तिसरं."

"माझ्याही समोर उघडं आहे. खालची सात नावं नाहीत. बरोबर सात."

"सर, पान पुरतं उघडलं नसेल. एकदा बंद करून..."

"तीनदा केलं. ती सात माणसं कोण आहेत, माहीत आहे तुम्हाला? अध्यक्षांच्या विरोधात सही केलेली त्यातली पाच आहेत."

मला यातलं काहीच माहीत नव्हतं. समितीचे अध्यक्ष आणि मास्तर यांचं पटत नाही एवढं पहिल्या बैठकीत लक्षात आलं होतं. दोघं ओसरीच्या एकाच बांधीव सोप्यावर बसले होते, मध्ये दोन माणसांची जागा मोकळी सोडून, आणि एकमेकांना सांगायचं ते मला सांगत होते. मी मास्तरांना "बघते" म्हणाले आणि फोन ठेवला. लगेच अध्यक्षांचा आला.

"मास्तर काय म्हणतात त्याकडे लक्ष देऊ नका," ते म्हणाले. "आमच्या घरच्या लॅपटॉपवर सगळी नावं दिसतात. त्यांना भांडण उकरून काढायचंय. उद्या म्हणतील, शाळेचा फोटोच खोटा."

खरं कोण बोलतंय ते मला ठरवता येईना. मी माझ्या मशीनवर पान पुन्हा पाहिलं, मग कोपऱ्यातल्या जुन्या मशीनवर पाहिलं. दोन्हीकडे एकतीस नावं. जुन्या मशीनवर पट्टा अर्धपारदर्शक नव्हता, सरळ पांढरा होता, पण ते मला अपेक्षितच होतं. असा रंग लिहिताना लाल, हिरवा, निळा यांचे तीन आकडे असतात आणि चौथा आकडा पारदर्शकतेचा. जुन्या ब्राउझरांना हा चौथा आकडा कळत नाही. म्हणून मी आधीच्या ओळीत साधा पांढरा रंग लिहून ठेवला होता. ज्याला दुसरी ओळ कळणार नाही तो पहिलीवर भागवेल. सगळे तसंच करायचे.

म्हणजे माझं काम बरोबर होतं. मग नावं जाणार कुठे?

सर्व्हरवरच्या फायलीची तारीख बघायची बुद्धी मला त्याच दुपारी झाली. ती फाईल मी शेवटची ठेवली होती सोमवारी. तारीख दिसत होती गुरुवारची. गुरुवारी मी कारापूरला मावसबहिणीच्या साखरपुड्याला होते. पासवर्ड दोघींनाच माहीत होता, मला आणि माझ्या मैत्रिणीला.

आता मैत्रिणीबद्दल सांगायला हवं. आम्ही दोघी म्हापशाला कॉलेजात एका बाकावर बसायचो. तिचे वडील सावंतवाडीकडचे, खाणीवर ट्रक चालवायला आले आणि इथलेच झाले. पुढे स्वतःचा ट्रक घेतला. ऑफिस काढायची कल्पना तिची होती. मी चित्र आणि रंग बघायचे, ती आतलं यंत्र. माझं एखादं पान कुठे मोडलं की ती मी बसायचे त्या कदेलामागे उभी राहून नुसतं बघायची आणि बोटाने एक ओळ दाखवायची. बोलायची नाही. चूक तिथेच असायची.

पण वडिलांचा ट्रक थांबल्यापासून ती बदलली होती. फोन आला की उठून जिन्यात जायची. हळू आवाजात बोलायची. मी विचारलं की "घरचा" म्हणायची. एकदा मी पाणी भरायला खाली जाताना तिचं एक वाक्य कानावर पडलं होतं, "तिला अजून काही सांगितलेलं नाही."

ते वाक्य मी महिनाभर मनात धरून होते. आता त्याला गुरुवारची तारीख येऊन चिकटली.

दुसऱ्या दिवशी ती आली तेव्हा मी सहज विचारल्यासारखं विचारलं, "शाळेच्या साइटला तू हात लावलास?"

"हो, परवा," ती म्हणाली. "एका बाईंच्या आडनावात काना राहिला होता, तो घातला. का गो?"

"काही नाही."

तिने माझ्याकडे जरा बघितलं आणि कामाला लागली. मी फाईल उतरवून घेतली आणि माझ्या जुन्या प्रतीशी ओळ न् ओळ ताडून पाहिली. फरक खरोखर एका कान्याचा होता. शहाण्या माणसाचा संशय तिथे संपला असता. माझा वाढला. मला वाटलं, मास्तरांचा फोन आल्याचं तिला कळलं असणार आणि तिने सगळं मागच्यासारखं करून ठेवलं असणार. तिने तसं का करावं याचंही उत्तर मी तयार केलं. तिला इथून निघायचं आहे, तर काम माझ्या चुकीने बिघडलं असं दिसलं की तिचा मार्ग मोकळा. संशयाची गंमत अशी की पुरावा मिळाला तरी तो वाढतो आणि नाही मिळाला तरी वाढतो. ती चहाला खाली गेली तेव्हा मी पासवर्ड बदलला. तिला सांगितलं नाही.

त्या आठवड्यात मास्तरांचे आणखी चार फोन आले. एकदा म्हणाले, आज सात नाही, आठ नावं गेली आहेत. एकदा म्हणाले, पुण्याच्या मुलीला विचारलं, तिला सगळी दिसतात, म्हणजे हे फक्त गावापुरतं केलेलं दिसतं. असं करता येतं का, बाय? मी नाही म्हटलं, तर ते म्हणाले, "तुम्ही नाहीच म्हणणार." शेवटच्या फोनवर त्यांचा आवाज उतरला होता. "चौतीस वर्षं त्या शाळेत काढली मी," ते म्हणाले. "निदान एका ओळीपुरता तरी राहिलो असतो तर बरं होतं."

मी म्हटलं, "सर, मी उद्या येते."

म्हापशाला बस बदलून पेडण्याला उतरले आणि तिथून रिक्षाने गेले. मास्तर फाटकात उभे होते. बायकोने आत चहा ठेवला होता. कॉम्प्युटर बाहेरच्या खोलीत, विणलेल्या जाळीच्या रुमालाखाली. मुलीने कितीतरी वर्षांपूर्वी पाठवलेला. मास्तरांनी रुमाल काढला, घडी घातली, कदेल पुसलं आणि मला बसायला सांगितलं. स्वतः मागे उभे राहिले, हात पाठीशी बांधून, परीक्षेच्या वर्गात उभं राहावं तसे.

पान उघडलं.

पट्टा नव्हता. अर्धपारदर्शक नाही, पांढरा नाही, कुठलाच नाही. काळी अक्षरं थेट फोटोवर पडली होती. आभाळावरची नावं ठळक होती. भिंतीवरची कशीबशी वाचता येत होती. आणि खालची सात आंब्याच्या सावलीत शिरली होती. काळ्यावर काळं. पडदा जरा खाली वाकवला की आठवंही जायचं. मी माऊसने त्या जागेवरून ओढलं तशी अक्षरं निळी होऊन वर आली, मास्तरांचं नाव खालून तिसरं.

"आहे," मास्तर म्हणाले. त्यांनी त्या नावाशी बोट नेलं. मग म्हणाले, "आहे, पण लपवलेलं आहे."

"लपवलेलं नाही, सर. याच्यामागे पट्टा असायला हवा, तो तुमच्याकडे येत नाहीये."

"का येत नाही? अध्यक्षांकडे येतो."

मी आधी ब्राउझर तपासला. त्यांचा ब्राउझर आमच्या कोपऱ्यातल्या मशीनवरच्यापेक्षाही एक आवृत्ती जुना निघाला. मी म्हटलं, "सर, नवा घालून देऊ? दहा मिनिटांचं काम आहे." त्यांनी मान हलवली. मुलीने बजावलं होतं, कुणी काही बसवा म्हटलं तर बसवायचं नाही. त्यांच्या नजरेत दिसत होतं की त्या 'कुणी'मध्ये मीही येते.

मग मी ते पान त्यांच्याच मशीनवर उतरवून घेतलं आणि साध्या नोटपॅडमध्ये उघडलं. माझ्या दोन्ही ओळी तिथे होत्या. पहिली पांढऱ्या रंगाची, दुसरी चार आकड्यांची. कुणी काही काढलेलं नव्हतं. मी दुसरी ओळ पुसून पान पुन्हा उघडलं. पांढरा पट्टा आला. ओळ परत घातली, पट्टा गेला. हे मी चार वेळा केलं, कारण माझा विश्वास बसेना. हा ब्राउझर न कळणारी ओळ नुसती सोडून देत नव्हता. ती दिसली की कळलेली आधीची ओळही टाकून देत होता.

दोन्ही ओळी बॅकग्राउंड-कलर या शब्दाने सुरू होत होत्या. का ते आजही नीट सांगता येणार नाही, अंदाजाने मी दोन्हीकडचं कलर काढलं आणि नुसतं बॅकग्राउंड ठेवलं. पट्टा आला. शुभ्र, आणि एकतीसच्या एकतीस नावं.

मास्तर पुढे वाकले. वरपासून खालपर्यंत बोट फिरवत त्यांनी सगळी नावं मोठ्याने वाचली, हजेरी घ्यावी तशी. स्वतःचं नाव त्याच आवाजात वाचलं आणि पुढे गेले. शेवटचं झाल्यावर म्हणाले, "बरं झालं. पण आता शाळा गेली."

खरंच होतं. पांढऱ्या पट्ट्याने फोटो झाकून टाकला होता. कौलांची एक कड आणि झाडाचा शेंडा एवढंच उरलं होतं. सगळा पट्टाच फिका करायचा उपाय मला येत होता, पण त्यात त्याच्यावरची अक्षरंही फिकी पडायची. जुन्या ब्राउझरमध्ये फक्त मागचा रंग अर्धपारदर्शक कसा करायचा ते मला येत नव्हतं. ते तिला येत होतं.

मास्तरांच्या सोप्यावर जाऊन मी तिला फोन लावला. काय दिसतंय ते सांगितलं. ती एकदम उत्साहात आली. "आवृत्ती सात असणार! तिथे तो पहिली ओळपण गिळतो, मी कुठेतरी वाचलेलं. थांब, पेन घे."

मी आत येऊन बसले आणि ती सांगत गेली. एक वेगळी फाईल कर आणि तिचं नाव पानात अशा शेऱ्यात लिही, जो फक्त तोच ब्राउझर वाचतो. बाकीचे शेरा समजून पुढे जातात. त्या फायलीत बॅकग्राउंड काढून टाक आणि त्याजागी फिल्टर लिही, एका रंगातून दुसऱ्या रंगात जाणारा. दोन्ही रंग एकच दे. "आठ अक्षरं हां. पारदर्शकतेची दोन पुढे, मग रंगाची सहा. सीसी, आणि मग सहा एफ. आणि झूम एक घाल, नाहीतर तो तिकडे बघायचाच नाही."

मी लिहिलं, पान उघडलं. पट्ट्यामागून शाळा वर आली, दुधाळ, पण पुरती. आंब्याचं झाडसुद्धा. अक्षरांच्या कडा किंचित खडबडीत झाल्या होत्या. मास्तरांनी ते लगेच ओळखलं, पण "चालेल" म्हणाले.

"झालं?" फोनवर ती विचारत होती. "मग मी इथूनच चढवते ना. तू कशाला त्यांच्या मशीनवरून... थांब. आत जाता येत नाहीये."

मी माऊसवरून हात काढला.

"पासवर्ड चुकीचा म्हणतंय. तू बदललास?"

मास्तर माझ्या मागेच होते. मी हो म्हटलं.

"कधी?"

"शनिवारी."

"गेल्या शनिवारी? मी तुला काना घातल्याचं सांगितलं तेव्हा?"

"हो."

पलीकडे कीबोर्डची टकटक थांबली. मग ती म्हणाली, "तूच चढव मग," आणि फोन बंद झाला.

मी नवीन फाईल तिथूनच चढवली. मास्तरांनी अध्यक्षांना फोन लावला नाही, पण मला म्हणाले, "त्यांना तुम्हीच कळवा. मी सांगितलं तर त्यांना खरं वाटणार नाही." मी अध्यक्षांना फोन केला. ते म्हणाले, "म्हणजे मास्तरांना खरोखर दिसत नव्हती नावं?" मी म्हटलं, खरोखर. त्यावर ते म्हणाले, "मग तसं सांगायचं ना त्यांनी." आठवडाभर मास्तर दुसरं काय सांगत होते, ते मी त्यांना विचारलं नाही.

परतीच्या बसमध्ये मी काय बोलायचं ते ठरवत होते. म्हापशाला उतरेपर्यंत तीन तऱ्हांनी ठरवलं. डिचोलीला पोचले तर ती ऑफिसात होती, नेहमीसारखी. समोर कुठल्यातरी दुसऱ्या कामाचं पान. मी पर्स ठेवली आणि सगळं सांगितलं. तारीख, जिन्यातले फोन, कानावर पडलेलं वाक्य. माफी मागितली.

ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "पणजीच्या एका कंपनीत मी मुलाखत दिली आहे. ते बोलणं त्याचं होतं. तुला सांगणार होते, मला तोंड होत नव्हतं. ट्रक उभा आहे, घरात कोणाचा पगार नाही, आणि हे ऑफिस आपण दोघींनी काढलेलं. ते तू ओळखलंस ते बरोबर. पण मी शाळेची साइट बिघडवीन?"

"मला तसं वाटलं."

"आठ दिवस वाटत होतं?"

"हो."

"आणि आठ दिवस माझ्याबरोबर डबा खाल्लास."

मी खाली बघितलं. त्या आठ दिवसांत तिने एकदा माझ्यासाठी घरून सोलकढी आणली होती. मी ती प्यायले होते.

"मी तुझ्या जागी असते तर मलाही संशय आला असता," ती म्हणाली. "ते मी समजते. पण मी विचारलं असतं. एवढंच." मग तिने पडद्याकडे तोंड केलं आणि त्या दिवशी आम्ही पुढे कामापुरतंच बोललो.

पुढच्या महिन्यात तिला पणजीची नोकरी लागली. शेवटचे काही दिवस ती माझ्या मशीनवर बसून मला जुन्या ब्राउझरांच्या खोड्या शिकवत होती. कुठल्याला काय कळत नाही, कुठे तो कळल्यासारखं दाखवतो, कुठे गप्प राहतो. मी वहीत उतरवून घेत होते. हे शिकवणं प्रेमापोटी होतं की नीटनेटकं सोडून जायचं म्हणून, ते मला ओळखता आलं नाही, आणि या वेळीही मी विचारलं नाही.

शाळेची शंभरी झाली. मोठ्या पडद्यावर पान दाखवलं तेव्हा अध्यक्ष पहिल्या रांगेत होते आणि मास्तर दुसऱ्या. नावं आली तशी मास्तरांनी खिशातून कागद काढला. त्यांनी एकतीस नावं स्वतःच्या अक्षरात लिहून आणली होती, आणि पडद्यावरची एकेक नजरेने ताडून ते पेन्सिलने बरोबरची खूण करत होते. कार्यक्रमानंतर भेटले तेव्हा त्यांनी माझे आभार मानले आणि तो कागद पुन्हा खिशात ठेवला.

मैत्रीण त्या कार्यक्रमाला आली नाही. ती पणजीत आहे, तिचं चांगलं चाललं आहे. आता वर्षातून दोनतीनदा आम्ही बोलतो. मध्यंतरी तिच्या वडिलांनी ट्रक विकला, ते तिने मला फोन करून सांगितलं, घरातल्या कुणाला सांगावं तसं. मी विचारलं, तुला वाईट वाटलं का? ती म्हणाली, "बाबांना वाटलं. मला दारातली जागा मोकळी झाल्यासारखी दिसते." आम्ही बराच वेळ बोललो. फोन ठेवताना ती म्हणाली, "पणजीला आलीस की ये गो." ती हे मनापासून म्हणाली असं मी धरलं आहे.